चुंबळीवरचा ट्रायपॉड

माझा हात थरथरायला लागला, ते सगळ्यात आधी कपबशीला कळलं. सकाळी चहा घेऊन पुढच्या खोलीत जायची, तर बशीवर कप बारीक वाजायचा. एकदा आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आज पूजा लवकर आटोपली वाटतं. घंटा ऐकू आली." मी हसले, तेही हसले. निम्मा चहा बशीत सांडला होता, तो दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

मला मात्र काय ते कळलं होतं. माझ्या वडिलांचं असंच होतं. माझ्या माहेरी, कापड्याला, आमची भातशेती. बाबा पेंढ्याचा भारा एका हाताने उचलून फेकायचे, पण चहा वाटीतून, दोन्ही हातांनी प्यायचे. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हा रोग नाही, घराण्यातून येतो, जिवाला धोका नाही, पण वयाबरोबर थोडा थोडा वाढत जाईल. वर विचारलं, "तुमचं काय, शिवणकाम वगैरे असतं का?" मी म्हटलं, "नाही, फोटो काढते." त्यावर ते गप्प बसले. डॉक्टर गप्प बसला की पेशंट जास्त घाबरतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तर आमचा महाडला बाजारात छोटा फोटो स्टुडिओ होता. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. डिजिटल कॅमेरे आले आले असं कानावर यायचं, पण आमच्याकडे अजून रोलच. एकच गाळा, मधे पडदा. पडद्याच्या आत स्टूल, दोन लाइट आणि मागे निळ्या आकाशाचं कापड. आतलं काम ह्यांचं, म्हणजे पासपोर्ट, लग्नाळू मुलींचे फोटो, जुन्या फोटोंची डागडुजी. गुडघे गेल्यापासून ह्यांना चढ-उतार नको झालेला. म्हणून बाहेरचं सगळं माझ्याकडे. पोलादपूरच्या शाळांचे ग्रुप फोटो, शिवथरपर्यंतची बारशी, हळदी, कुणाची नवीन विहीर, कुणाचा नवीन बैल. स्टुडिओ चालायचा तो ह्या बाहेरच्या कामावर.

मी शिकले सातवीपर्यंत. कॅमेरा मला कुणी शिकवला नाही. लग्न होऊन आले तेव्हा लाइटची छत्री धरायचं काम मिळालं. छत्री धरता धरता बघत राहिले, आणि एकदा ह्यांना ताप आला तेव्हा एका मुंजीला छत्री दुसऱ्याच्या हातात देऊन मी कॅमेरा घेतला. तेव्हापासून तो हातात राहिला तो राहिलाच. आणि आता हातच असा.

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका लग्नाचे फोटो धुऊन आले आणि आम्ही दोघं काउंटरवर वाकून बघत राहिलो. नवरीच्या नथीला एकेका मोत्याच्या जागी दोन दोन मोती. नवरीचे वडील सज्जन. म्हणाले, "आमची नथ एवढी मोठी नव्हती हो." पैसे देऊन गेले, पण त्यानंतर त्या भावकीतलं एकही लग्न आमच्याकडे आलं नाही.

आमच्या शेजारी स्टेशनरीवाले. महाडला कोर्ट, तहसील, कागदांचा धंदा जोरात. त्यांना झेरॉक्सचं मशीन टाकायचं होतं आणि जागा हवी होती. रोज संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्यात उभे राहून विचारायचे, "मग गाळ्याचं काय ठरवलंत?" आणि हे रोज सांगायचे, "बघू." नथीच्या फोटोनंतर मात्र हे म्हणाले, "पाडव्यापर्यंत सांगतो."

हे चुकीचं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

अशात एक दिवस मावशी आली. मावशी म्हणजे कापड्याच्या वर, डोंगरमाथ्यावर जी म्हशीवाल्यांची वाडी आहे, तिथली. माझ्या लहानपणी ती तुपाचा डबा घेऊन आमच्या घरी उतरायची आणि आई तिला त्याच डब्यातून तांदूळ भरून द्यायची. आता पाठीत वाकली होती, पण उतरायची अजून तशीच. स्टुडिओत आली, स्टुलावर बसली आणि मागच्या निळ्या कापडाकडे बघून म्हणाली, "हे आभाळ धुवाय झालंय गो."

"धुते. चहा घेशील?"

"घेन. पण आदी काम सांगते. फोटो काडायचाय."

"तुझा?"

"माजा काय करायचाय. वाडीचा. सगली मानसं, घरं, म्हशी. नात घाटावर दिलीय, जावलीच्या अंगाला. शिमगा झाला की लगीन. तिला न्यायला पायजे."

"मग लग्नातच काढू की. सगळे असतीलच."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सातवीसुद्धा शिकले नसेन. "लगनात मानसं कुठं असतात? एक चुलीपाशी, एक पंगतीत, एक पिऊन पडलेला. आनि लगनात पोरगी मधी उभी असनार. तिला स्वताला कशाला बघायचंय? तिला आमी दिसाय पायजेत. रोज दिसतो तशी."

"बरं. मग कधी येऊ? सकाळी उजेड चांगला असतो."

"सकाली मानसं कुठं हायत? म्हशी घेऊन रानात, दूद घेऊन खाली. सगली एका जागी असतात ती दिवेलागनीला. म्हशी आल्या, धारा काडल्या, की तेवडाच येळ."

पडद्यापलीकडे, काउंटरवर, हे ऐकत होते. मावशी गेल्यावर आत आले. "दिवेलागणीला उजेड कुठे असतो? फ्लॅश दहा पावलांपलीकडे जात नाही. चार सेकंद तरी शटर उघडं ठेवावं लागेल. आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात चांगला हात आणलास तरी चार सेकंद कॅमेरा धरू शकणार नाही."

हे म्हणाले ते मला नको म्हणून सांगायला. पण मी ते वाक्य घेतलं आणि दिवसभर भांडी घासताना, भाजी निवडताना फिरवून फिरवून बघितलं. चांगल्यातला चांगला हात इथे चालणार नाही. म्हणजे ह्या कामाला हातच नको. मग माझा थरथरतो की नाही ह्याने काय फरक पडतो?

संध्याकाळी मी म्हटलं, "मला चांगलं स्टँड हवं."

ट्रायपॉडला, म्हणजे कॅमेऱ्याच्या तिपाईला, आमच्या धंद्यात आम्ही स्टँडच म्हणायचो. स्टुडिओत एक होतं, लोखंडी, चाकांचं. ते गाळ्यात बसवल्यापासून गाळ्याबाहेर गेलं नव्हतं. म्हणून आधी लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या मुलाकडून त्याचं मागून आणलं. चकचकीत ॲल्युमिनियमचं, वर कॅमेरा बसवायचं प्लास्टिकचं डोकं आणि धरायला लांब दांडा. परसात उभं केलं, कॅमेरा चढवला, जास्वंदीवर रोखला, दांडा पिळून घट्ट केला आणि हात सोडला. कॅमेऱ्याने हळूच मान टाकली. पुन्हा वर केला, पुन्हा टाकली. कीर्तनात पुढे बसून पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. त्यात रस्त्याने एसटी गेली तर पाय बारीक कापले. मी म्हटलं, ह्याचा आणि माझा डॉक्टर एकच.

मग आम्ही पुण्याला गेलो. महाडहून वरंध घाटाने भोरवरून. घाटात खाली शिवथरचं खोरं दिसायला लागलं की मी नेहमी खिडकीशी येते, त्या दिवशी आले नाही. मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी होती आणि मी दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसले होते. हे म्हणाले, "बघून येऊ. घेतलंच पाहिजे असं नाही." मी हो म्हटलं. नवरा-बायको दोघांनाही माहीत असतं की हो म्हणजे काय, तसलं हो.

दुकान पेठेतल्या एका बोळात होतं. मालक वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी काय काय फोटो काढता, कुठे काढता असं नीट विचारलं. मी डोंगरावरच्या वाडीचं सांगितल्यावर म्हणाले, "मग ताई, हा बघा. ट्रेकवाले हाच नेतात." आणि एक काळा, देखणा, चार घड्यांचा ट्रायपॉड काउंटरवर उभा केला. उचलला तर पिसासारखा. पण पूर्ण उघडल्यावर पायाची शेवटची कांडी माझ्या करंगळीपेक्षा जाड नव्हती. खाट विकत घेताना आपण काय करतो, मधे तळहात ठेवून दाबतो आणि जरा हलवतो. तसं मी केलं. डोलला.

"आणखी एक दाखवा."

दुसरा बरा होता. पण त्याच्या घड्या पिळाच्या. प्रत्येक सांध्याला एक कडं, ते पिळायचं, कांडी ओढायची, पुन्हा पिळायचं. माझी बोटं तिसऱ्याच कड्याला घसरली. मालकांनी ते पाहिलं. काही न बोलता त्यांनी तो बाजूला केला आणि खालच्या फळीवरून तिसरा काढला. ह्याला तीनच घड्या, पाय जाड, आणि सांध्यांना खटके. अंगठ्याने उचलायचा, कांडी ओढायची, तळव्याने दाबायचा. खट. तळव्याला थरथर कुठली? मी तिन्ही पाय उघडले, वर हात ठेवून दाबलं. जमिनीतून उगवल्यासारखा उभा.

"हा."

"ताई, हा चांगलाच आहे," मालक म्हणाले, "पण जड आहे. डोंगर चढायचा म्हणता. खांदा भरून येईल तुमचा."

"खांद्यावर कोण नेतंय? डोक्यावर नेईन."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "डोक्यावर?"

"चुंबळ करून. लाकडाची मोळी नेतात तसा. आमच्याकडे डोक्यावरचं ओझं ओझ्यात धरत नाहीत."

आमचे हे बोळातल्या रहदारीकडे फार लक्ष देऊन बघायला लागले.

कॅमेरा उंच करायची मधली दांडी तेवढी वर ओढू नका, असं मालकांनी बजावलं. तिपाईवर काठी उभी केल्यासारखं होतं ते. उंची हवी तर पायांतून घ्या. ते पटलं. मग वरच्या डोक्याचा प्रश्न आला, आणि तिथे आमचं दोघांचं पटेना.

ह्यांचं म्हणणं, दांड्याचं डोकं घे, धरायला बरं. मी म्हटलं, "अहो, मला धरायचंच नाहीये. ह्या डोक्याला तीन दांडे, म्हणजे तीन ठिकाणी पिळायचं, तीन ठिकाणी हात लावायचा." मालकांनी मग दुसऱ्या तऱ्हेचं काढलं. बॉलहेड म्हणाले त्याला. खाली वाटी, वाटीत लोखंडी गोळा, गोळ्याच्या टाळक्यावर कॅमेरा, आणि बाजूला एकच चावी. चावी सैल केली की कॅमेरा हवा तिकडे वळतो, घट्ट केली की तिथेच. बोकड कापतात तेव्हा मांडीचं हाड खुब्यातून सुटताना पाहिलंय ना, तोच सांधा. पाहिल्याबरोबर मला ते आपलं वाटलं.

पहिला गोळा सुपारीएवढा. मी माझा कॅमेरा लांब लेन्ससकट चढवला, समोरच्या दुकानाच्या पाटीवर रोखला आणि चावी पिळली. हात सोडला तशी पाटीवरची अक्षरं डोळ्यांदेखत वर सरकली. म्हणजे कॅमेऱ्याने मान टाकली. "हा नको. हा आमच्याकडच्यासारखाच आहे." मोठा गोळा काढला, चांगल्या लिंबाएवढा. त्याची चावीही मोठी, बोटांनी नाही तर आख्ख्या मुठीने पिळायची. माझी बोटं कापतात, मूठ कापत नाही. पिळली. हात सोडला. अक्षरं जिथल्या तिथे. मी डोळा लावून उभीच राहिले. मागून गिऱ्हाईक आलं, गेलं. अक्षरं जिथल्या तिथे.

मग चावी सोडली आणि घात झाला. कॅमेरा असा काही एका अंगावर कोसळला की ह्यांनी दोन्ही हात पुढे केले. गोळ्याचं हेच वाईट. एक चावी सोडली की सगळंच सुटतं. हे म्हणाले, "बघ. दांडा बरा होता." मी पुन्हा कॅमेरा सरळ केला, डावा तळहात त्याच्याखाली घातला आणि मगच उजव्या मुठीने चावी सोडली. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना मानेखाली हात घालतो ना, तसा. कॅमेरा हातात निवांत पडून राहिला. मी म्हटलं, "दोन पोरं न्हाऊमाखू घातली. एकाचीही मान लचकली नाही. घेऊ या."

किंमत ऐकून ह्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर मात्र खिशात हात घातला तो ह्यांनीच.

निघताना मालकांनी ड्रॉवरमधून एक काळी तार काढली, एका टोकाला बारीक दट्ट्या असलेली. "ही कॅमेऱ्याच्या बटणात पिळून बसवायची आणि लांबून दाबायचं. नाहीतर एवढं सगळं घ्याल आणि शेवटी बटणावर बोट ठेवाल." माझ्या हाताकडे त्यांनी एकदाही थेट पाहिलं नव्हतं, पण ती तार मला न मागता मिळाली.

परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, बंदूक का?" मी म्हटलं, "तिकीट पडतं का बंदुकीला?" तो म्हणाला, "उभी असेल तर पडतं, आडवी झोपवा."

वाडीवर जायच्या दिवशी हे माझ्याबरोबर कापड्यापर्यंत आले आणि माझ्या भावाच्या पडवीत बसले. मला न्यायला मावशीची नात खाली आली होती, तीच लग्नाची. मी कापड्याची लेक, म्हणून वाडीवरची पोरं मला आत्ये म्हणतात. लुगड्याच्या जुन्या फडक्याची चुंबळ केली, ट्रायपॉड कापडात गुंडाळून डोक्यावर आडवा घेतला. पोरगी म्हणाली, "आत्ये, मी घेते ना." मी म्हटलं, "तू कॅमेरा घे. डोक्यावरचं मला जमतं, हातातलं नाही." तिला ती गंमत वाटली. मला नव्हती वाटत. पण चढायला लागल्यावर बरं वाटलं हे खरं. काटेसावर लाल होऊन उभी होती, करवंदीला पांढरी फुलं आली होती, आणि एवढ्या वर्षांनी डोक्यावर भार घेतल्याने मान कशी सरळ झाली होती.

वर पोचलो तर वारा. अंगण लग्नासाठी नवं केलेलं, कालच सारवलेलं. मी पाय उघडले तशी मावशीची नजर पायांच्या टोकांवर गेली. "ती अनकुचीदार हायत ती आत घे गो. पापुद्रा निघंल." टोकं फिरवून आत घेतली, रबर खाली केलं. आता राहिला वारा. आमच्या कापड्याला पेंढ्याची उडवी रचली की दोरीला दोन्ही अंगांनी दगड बांधून टांगतात, म्हणजे वारा वरचा पेंढा उडवत नाही. मी तेच केलं. एक बरा धोंडा दोरीत बांधून मधल्या दांडीखाली लोंबता सोडला. एक आजोबा घोंगडीवर बसून बघत होते. म्हणाले, "फोटो उडून जाईल वाटतं." मी म्हटलं, "फोटो नाही, तुम्ही उडाल. घट्ट बसा."

म्हशी आल्या. धारा निघेपर्यंत सूर्य पलीकडे गेला. मी पोरीला म्हटलं, "तू बघ इथून. तुला न्यायचाय फोटो, तूच सांग काय काय हवं." तिने डोळा लावला.

"वाकड्या शिंगाची म्हस अर्धीच दिसते."

"मग फिरव. डाव्या हाताचा तळवा खाली घाल. बाळाच्या मानेखाली घालतात तसा. आता चावी सोड."

ओळीत उभ्या बायका हसल्या. तिची चुलती म्हणाली, "शिकून घे गो नीट. पुढल्या शिमग्याला कामाला येईल." पोरगी लाल झाली, पण हात तिने बरोबर घातला. कॅमेरा हळूच वळवला, म्हैस आत घेतली, दाराशेजारचा पाण्याचा हंडा आत घेतला, मुठीने पिळून चावी बंद केली.

मी पुढे जाऊन सगळ्यांना सांगितलं. "हा फोटो सावकाश निघतो. टक असा आवाज आला म्हणजे झालं असं नाही, तेव्हा सुरू होतं. दुसरा टक होईपर्यंत मान हलवायची नाही. पापणी हलली तर चालेल, मान नाही."

"आनि शिंक आली तर?" आजोबा.

"गिळा."

"म्हशींना कोन सांगनार?"

"त्या तुमच्यापेक्षा ऐकतात," मावशी म्हणाली.

मी मागे आले. तार हातात घेतली. अंगठा थरथरत होता, तो थरथरणारच होता. पण तारेला मधे झोळ होता, आणि माझ्या अंगठ्यातलं कापरं त्या झोळातच जिरत होतं. कॅमेऱ्यापर्यंत काही पोचत नव्हतं. ते मी बघितलं आणि दट्ट्या दाबला.

टक.

सगळी वाडी पुतळ्यासारखी. मी मनात मोजायला लागले. आणि त्याच वेळी आतून पोरीची आई दिवा घेऊन बाहेर आली. रोज ही पोरगीच दिवा लावायची, आज ती माझ्या शेजारी उभी होती, म्हणून आईने लावला. फोटोसाठी दिवेलागण थोडीच थांबते? तिने कंदील दाराच्या खुंटीला अडकवला, तसा उजेड सगळ्यांच्या पुढ्यात अंगणात पडला. आता दिवा आला म्हटल्यावर काय होतं, आपल्या घरात बघा. आजोबांचे हात वर आले. मावशीचे आले. चुलतीचे, पोरांचे, कडेवरच्या बाळाचेसुद्धा कुणीतरी जोडून दिले. दिवा आला की हात जुळतात, ते कुणी विचारून करत नाही. आणि गंमत अशी, मान हलवायची नाही हे मी सांगितलं होतं, म्हणून माना सगळ्यांनी ताठ धरल्या. हातांचं मी बोललेच नव्हते.

टक.

उजेड संपला. दुसरा काढायला काही राहिलं नाही. पोरगी म्हणाली, "झाला?" मी म्हटलं, "झाला." रात्री मला ताटात घट्ट दूध आणि नाचणीची भाकरी वाढली, ती मी गिळली कशी ते मलाच माहीत. एवढं पुणं, एवढी खटपट, आणि एकच फोटो, तोही हललेला.

रोल लॅबमधून धुऊन आला तेव्हा मी पाकीट उघडलंच नाही. ह्यांच्यासमोर ठेवलं आणि निळं आभाळ धुवायला घेतलं. खरंच घेतलं, मावशी म्हणाली होती म्हणून. हे भिंग लावून बसले.

"इकडे ये."

"तुम्हीच सांगा."

"हात सगळे पुसलेत," हे म्हणाले. "प्रत्येकाच्या छातीशी पांढरं धुकं आहे नुसतं."

"माहीत आहे. दिवा आला तेवढ्यात."

"ये तरी."

मी ओले हात पदराला पुसून गेले. ह्यांनी भिंग फोटोतल्या भिंतीवर धरलं, घराच्या कुडाच्या भिंतीवर. कुडातली एकेक काठी वेगळी दिसत होती. मातीचा गिलावा जिथे पडला होता, तिथला पेंढा दिसत होता. भिंग सरकलं. हंड्याला पडलेला पोचा. वाकड्या शिंगावरच्या रेघा. मावशीचा चेहरा, सुरकुतीसकट. आजोबांचे गाल फुगलेले, म्हणजे शिंक खरंच आली असावी. सगळं होतं तिथे होतं. हलले होते ते फक्त हात, आणि ते वाडीचे हात होते.

हे भिंग खाली ठेवून म्हणाले, "कॅमेरा तसूभर हलला नाही." मग चष्मा काढून पुसायला लागले. पुसायला त्याला काही झालेलं नव्हतं.

संध्याकाळी स्टेशनरीवाले उंबऱ्यात आले. "मग, गाळ्याचं काय?" हे म्हणाले, "गाळ्याचं राहू द्या. आत या, फोटो बघा." शेजाऱ्यांनी फोटो पाहिला. चांगला माणूस, मनापासून पाहिला. म्हणाले, "हात का असे?" ह्यांनी त्यांना स्टूल दिलं आणि पहिल्यापासून सगळं सांगायला बसले, पुण्याच्या दुकानापासून. दांडा नको हे ह्यांनीच ओळखलं होतं, असं त्यात आलं. मी दुरुस्त केलं नाही.

झेरॉक्सचं मशीन पुढे पलीकडच्या ओळीत बसलं. आमचा गाळा आमच्याकडे राहिला, बाहेरची कामं माझ्याकडे राहिली. हात अजून थरथरतो, पूर्वीपेक्षा जास्त. चहा मी बाबांसारखा वाटीतून पिते.

लग्नाच्या आधी हळदीच्या दिवशी मी फोटो मोठा करून, काचेत बसवून वाडीवर नेला, चुंबळीवरून, ट्रायपॉडच्या जोडीला. मला भीती होती की म्हणतील, हात कुठे गेले आमचे? मावशीने तो मांडीवर घेतला. एकेकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. मग म्हणाली, "सगली हात जोडून उभी हायत."

"दिव्याला जोडले ना."

"दिवा आमच्या मागं व्हता गो. खुटीला. ह्यात समदी पुडं बघतायत." तिने नातीकडे पाहिलं. मानच हलवायची नव्हती, मागे वळून कोण बघणार? आणि समोर, कॅमेऱ्याशेजारी, ती उभी होती.

पोरगी हळदीच्या अंगाने तशीच बसली होती. तिने फोटो आजीकडून घेतला, पातळाच्या घडीत गुंडाळला आणि ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवला, म्हणजे वरचं सामान काढल्याशिवाय कुणाला मिळू नये. मग मावशीने पदर डोक्यावर सारखा केला, अंगणात जाऊन भिंतीशी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आता माजा एकटीचा काड. येल लागला तरी चालंल. मी कुठं जात नाय."

मी ट्रायपॉड कापडातून सोडवला आणि खटके उचलायला लागले. टोकं आधी आत घेतली.